टाकी धुता येते का, ते आधी पाहा

वॉर्डातली फरशी धुऊन झाली की मामा-मावशी वायपरने पाणी मोरीकडे लोटतात. पाणी जाते, ओल मागे राहते. तिच्यावर पाय घसरून रुग्ण पडतात आणि सूडोमोनाससारखे जंतू अशा ओलीतच तग धरतात. त्यामुळे धुतलेले पाणी ओढून घेणारा वेट व्हॅक्यूम ही मोठ्या रुग्णालयाची चैन नव्हे, गरज आहे. चूक होते ती निवडताना.

खरेदीच्या वेळी नजर असते किंमत आणि वॅटवर. वॅटवरून मोटार किती वीज खाते ते कळते; पाणी किती ओढते ते नाही. त्यासाठी ओढीचा जोर आणि सेकंदाला खेचली जाणारी हवा, असे दोन्ही आकडे विचारावेत.

त्याहून महत्त्वाची आहे टाकी. 60 लिटरची टाकी भरली की आत 60 किलो वजन होते. ती उचलून मोरीत उपडी करणाऱ्या मावशींच्या कंबरेचे काय होईल, हे सांगायला डॉक्टर नको. तळाशी निचऱ्याची नळी हवीच. टाकीचे तोंड हात घालून घासता येईल इतके रुंद हवे. घाण पाणी रात्रभर टाकीत राहिले तर जंतू वाढतात आणि सफाईचे यंत्रच संसर्गाचे साधन बनते. रोज रिकामी करणे, धुणे, झाकण उघडे ठेवून वाळवणे, याला पर्याय नाही.

टाकी भरल्यावर ओढ बंद करणारा फ्लोट फेसाला फसतो आणि पाणी मोटारीत शिरते. म्हणून साबण कमी फेसाचा घ्यावा. ओल्या जागी वीज वापरायची, तर अर्थिंग आणि गळतीला वीज तोडणारा स्विच हवाच. सांडलेले रक्त मात्र या यंत्राने कधीही ओढू नये. ते आधी कापडाने किंवा कागदाने टिपून तिथे हायपोक्लोराइट वापरावे.

यातले बहुतेक मुद्दे निविदेत नसतात, कारण निविदा लिहिणाऱ्याने टाकी कधी धुतलेली नसते. खरेदीची सही होण्यापूर्वी यंत्र एक दिवस वॉर्डात चालवावे, आणि ते रोज हाताळणार असलेल्या मावशींना विचारावे. त्यांनी नको म्हटलेले यंत्र कितीही स्वस्त असले, तरी चार महिन्यांत जिन्याखाली धूळ खात पडते.