रुखवतातील काच

लग्नाच्या कार्यालयात शिरल्यावर पुरुषमंडळी जेवणाचा बेत विचारतात आणि बायका रुखवत कुठे मांडले आहे ते विचारतात, असा एक जुना समज आहे. मी दोन्ही चौकश्या करतो. साखरेची सप्तपदी, सुपारीचे भटजी, कापसाची वस्त्रमाळ आणि या सर्वांच्या वर काचमण्यांचे तोरण! त्यावर दोन पोपट, एक कळस आणि ‘शुभविवाह’ ही अक्षरे. पाचसहा मिनिटे त्या टेबलापाशी उभे राहिले की त्या घरातली माणसे किती, त्यांना उसंत किती आणि त्यांचे आपसात पटते कितपत, याचा चांगलाच अंदाज येतो.

हल्ली रुखवत तयार विकत मिळते, भाड्यानेही मिळते. त्याला नावे ठेवण्याचे मला कारण नाही. सकाळी सातची लोकल पकडून रात्री आठला घरी येणाऱ्या मुलीने पोपट कधी विणावेत? पण भाड्याच्या पोपटांचा एक दोष आहे. ते कोणाच्याही लग्नात तेच बोलतात.

यंदाच्या वैशाखात आमच्या पुतणीचे लग्न झाले. माझे थोरले बंधू, म्हणजे दादा, डोंबिवलीला राहतात. मी ठाण्याला. जावई ठाण्याचेच, पण दोघांची ओळख झाली ती डोंबिवलीच्या फडके रोडवर. दिवाळीच्या पहाटे सारी तरुण डोंबिवली नटूनथटून त्या रस्त्यावर उतरते, हे वाचकांना ठाऊक आहेच. त्या गर्दीतून काही जण फराळाला घरी परततात आणि काही जण आईबापांना सांगण्याची बातमी घेऊन परततात. आमची पुतणी दुसऱ्या प्रकारातली.

लग्न ठरल्यावर तिने जाहीर केले, की रुखवत मोजके असेल आणि ते घरीच होईल. शिवाय येणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर आपण केलेली एक वस्तू ठेवायची. वहिनींनी वस्तू सुचविली : काचेची छोटी कुपी, तिच्याभोवती रंगीत काचमण्यांची जाळी आणि आत कुंकू. होमिओपॅथीचे डॉक्टर साबूदाण्याएवढ्या गोळ्या ज्या कुप्यांतून देतात, तसल्या बुचाच्या कुप्या. तीनशे आणविल्या.

आता जाळी विणायची म्हणजे ताई हवी. ताई आम्हां भावंडांत वडील. वय अठ्ठावन्न, सासर कल्याणचे. आमच्या नात्यात गेल्या तीस वर्षांत जेवढी लग्ने झाली, तेवढ्या लग्नांची तोरणे तिच्या हातची. ती दर रविवारी कल्याणहून यायची, मी ठाण्याहून जायचो आणि दादांच्या दिवाणखान्यात कारखाना सुरू व्हायचा.

एका जाळीला १२० मणी लागत. तीनशे कुप्या म्हणजे ३६ हजार मणी. ताईला एका जाळीला बारा मिनिटे पुरत, पुतणीला वीस, मला चाळीस. दादांनी वेळ मोजण्याचे काम पत्करले. मण्यांच्या एका पाकिटात तर निम्म्या मण्यांना भोकच नव्हते. दादा म्हणाले, ‘‘हे मणी ब्रह्मचारी दिसतात, कोणाशी जुळवून घ्यायचंच नाही म्हणतात.’’

ताईचे धडे मात्र खरे. मण्याचा नंबर जितका मोठा, तितका मणी बारीक. नुसता सुती दोरा घेऊ नये. मण्याची कड त्याला हळूहळू कापते. दोऱ्याला मेण लावून घ्यावे. तंगूस दिसत नाही म्हणून लोक वापरतात, पण त्याची गाठ घसरते. लांबट काचनळ्यांच्या कडा सर्वांत धारदार, म्हणून प्रत्येक नळीच्या दोन्ही टोकांना एकेक गोल मणी द्यावा, म्हणजे दोरा त्या कडेवर घासत नाही. ‘‘काच कापते ती तिच्या टोकाला,’’ ती म्हणायची, ‘‘मध्ये ती गरीबच असते.’’

मण्याला भोक पाडतात कसे, हा प्रश्न मला लहानपणापासून पडलेला होता. खरे म्हणजे पाडतच नाहीत. वितळलेल्या काचेचा गोळा आतून पोकळ करतात आणि तो तसाच लांब ओढतात. पोकळी गोळ्याबरोबर बारीक होत जाते आणि सुईएवढी नळी तयार होते. तिचे तुकडे करायचे आणि राखेत घोळवून पुन्हा तापवायचे; कडा गोल होतात, राखेमुळे भोक बुजत नाही. आंध्र प्रदेशात तिरुपतीजवळ पापानायडुपेट नावाचे गाव आहे, तिथे कारागिरांनी ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालविली. बांगडीचे तंत्र वेगळे. फिरत्या दांड्यावर तापलेल्या काचेची तार गुंडाळतात, ते वेटोळे कापले की तोंड उघडी असलेली कडी मिळतात आणि मग एकेका कड्याची टोके ज्योतीवर धरून जुळवितात. उत्तर प्रदेशातील फिरोजाबादेत हे जुळविण्याचे काम घरोघरी बायका करीत आल्या आहेत. आपण ज्याला ‘घरी केलेले’ म्हणतो, त्यात अशी किती घरे आधीच येऊन गेलेली असतात!

आणि आमच्या ताईचे कल्याण तरी या व्यापाराला कुठे नवखे आहे? इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ या नावाने ती प्रसिद्ध आहे. तीत कल्याण बंदराचा उल्लेख आहे आणि भडोचला परदेशांतून उतरणाऱ्या मालाच्या यादीत कच्ची काच आहे. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४५-४६ साली हसमुख सांकलिया आणि मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी उत्खनन केले, तेव्हा बहामनी काळच्या थरांत काचेच्या बांगड्या मोठ्या संख्येने सापडल्या. पुढे याच दीक्षितांनी भारतीय काचेचा इतिहास लिहिला. मुंबई विद्यापीठाने तो १९६९ साली प्रसिद्ध केला. महाराष्ट्रातील बाईच्या मनगटावर काच आहे ती अशी शतकानुशतके.

मला हे सारे रविवारच्या बैठकीत सांगायचे होते. सांगतही होतो. तेवढ्यात पुतणीने विचारले,

‘‘आत्या, यातली कुपी तुला कोण देणार?’’

सुया थांबल्या. ताईचे यजमान जाऊन बावीस वर्षे झाली. कुंकवाची कुपी तिला कोणी देणार नव्हते आणि दिली असती तरी तिने घेतली नसती. तीनशेंपैकी दीडदोनशे जाळ्या तिच्या हातच्या, आणि तिच्या वाटणीला एकही नाही!

‘‘मला कशाला हवी गं?’’ ताई म्हणाली आणि पुढचा मणी ओवू लागली.

मी मराठीचा अध्यापक, त्यामुळे अशा वेळीही माझे लक्ष शब्दांकडे जाते. आपल्या भाषेत बांगडी फुटली असे म्हणत नाहीत, ‘वाढवली’ म्हणतात. नारळ फोडीत नाहीत, ‘वाढवतात’. अशुभ अक्षर तोंडून जाऊ नये म्हणून आपण एवढे जपतो. पण नवरा गेलेल्या बाईच्या बांगड्यांची वेळ आली की ‘फोडणे’ हेच उघडेनागडे क्रियापद पुढे येते. तिथे जपण्याची कोणाला गरज वाटली नाही. आणि पुरुषाला भित्रा म्हणायचे झाले, तर त्याला बांगड्या भरायला सांगतात. काचेच्या एका वर्तुळावर आपण केवढा भार टाकला आहे!

ताईच्या बांगड्या कोणी फोडल्या नव्हत्या. सासर सुशिक्षित, माहेर सुशिक्षित. तेराव्यानंतर तिनेच त्या काढून डब्यात ठेवल्या आणि ‘घाल’ असे कोणी म्हटले नाही. सुशिक्षित घरांत रूढी बहुधा अशीच, आवाज न करता पाळली जाते.

विधवाविवाहाला कायद्याने मान्यता मिळाली ती १८५६ साली. महर्षी कर्व्यांनी १८९३ मध्ये पुनर्विवाह करून ती स्वतःच्या आयुष्यात उतरविली. पण कुंकू आणि बांगडी यांचा निकाल लावायला कोणता कायदा येणार? तो गावानेच लावायचा. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातील हेरवाड गावाने तो २०२२ च्या मे महिन्यात लावला. पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव तिथे ग्रामसभेने केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर गावांनाही तो कित्ता गिरविण्यास सांगितले. १८५६ पासून १६६ वर्षे! शहरांतून मात्र ग्रामसभा नसते. आमची ग्रामसभा म्हणजे दादांचा दिवाणखाना.

त्या ग्रामसभेत वहिनी अडल्या. त्या वाईट नाहीत. ताईवर त्यांचा जीव आहे. पण त्या म्हणाल्या, ‘‘तिकडची मंडळी काय म्हणतील? पोरीला नांदायचंय तिथं.’’ मुलीच्या आईची ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नसते. दादा गप्प. मीही आपला मणी शोधू लागलो. पुतणी एवढेच म्हणाली, ‘‘आई, मला वाद नको. कुपीत असं काही भरू या, की देताना कोणाच्या कपाळाकडे बघावं लागणार नाही.’’

वहिनी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘‘बकुळ भरू या. वाळली तरी वास जात नाही.’’

मला वाटते, त्या महिन्यातले सर्वांत शहाणे वाक्य ते. आमच्या कॉलेजच्या आवारात बकुळीचा जुना वृक्ष आहे. परीक्षांच्या दिवसांत पर्यवेक्षणाला जाण्यापूर्वी मराठीचे प्राध्यापक रुमाल पसरून फुले वेचीत आहेत, हे दृश्य विद्यार्थ्यांनी डोळे भरून पाहिले. दोघांनी तिसऱ्या दिवसापासून मदतही केली. त्यांचा अंतर्गत गुणांशी संबंध नाही, हे नमूद करतो.

लग्नाच्या आदल्या दिवशी चुडा भरायला कासारीण आली. पुतणीचे हात हिरवे झाले. मग घरच्या बायका ओळीने बसल्या. ताई नेहमीप्रमाणे स्वयंपाकघरात. वहिनी स्वतः उठून आत गेल्या आणि तिला दंडाला धरून बाहेर घेऊन आल्या. म्हणाल्या, ‘‘वन्सं, बसा.’’ कासारणीने ताईचा पंजा दाबून माप पाहिले आणि हिरव्यांचा जुडगा पुढे ओढला. ताईने मान हलविली. सर्वांना वाटले, झाले, ही उठणार.

‘‘हिरव्या नकोत,’’ ती म्हणाली. ‘‘मला निळ्या आवडायच्या.’’

बावीस वर्षांत हे कोणी तिला विचारले नव्हते. कासारणीच्या पेटीत अगदी तळाशी निळ्या होत्या. एका हातात चार, एका हातात चार. पुढे रात्रभर ताई भांड्यांची आवराआवर करीत होती आणि ती घरात कुठे आहे, ते आम्हांला न बघता कळत होते.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात रुखवताशेजारी कुप्यांचे तबक ठेवले होते. ‘तिकडच्या मंडळीं’त जावयांची आजी होती. वय ऐंशीच्या पुढे, कपाळ मोकळे. पुतणी नव्या नवरीच्या वेषात तबक घेऊन तिच्यापुढे आली, तशी आजीने हात चटकन पदराआड घेतला. हळदीकुंकवाचे तबक समोर आले की हात मागे घ्यायचा, ही तिची सवय असणार. पुतणीने कुपीचे बूच काढून तिच्या नाकाशी धरले. ‘‘बकुळ आहे, आजी.’’ म्हातारीने दोन्ही हात पुढे केले. कुपी घेतली, जाळीवरून बोट फिरवून पाहिले आणि विचारले, ‘‘कोणी विणली गं?’’ पुतणीने ताईकडे बोट दाखविले. आजीने ताईला जवळ बोलावून शेजारी बसविले. पुढे दोघी मण्यांच्या नंबरावर बराच वेळ बोलत होत्या.

त्या लग्नाने काही क्रांती झाली असे मी म्हणणार नाही. वहिनींच्या माहेरच्या एक मामी ताईच्या हातांकडे बघून बघून थकल्या आणि लवकर निघून गेल्या. ताईसुद्धा निळ्या बांगड्या रोज घालीत नाही. पण त्या डब्यात परत गेलेल्या नाहीत. आरशापाशी खुंटीला असतात.

दिवाळी झाली की तुळशीचे लग्न लागेल आणि माणसांच्या लग्नांनाही सुरुवात होईल. वाचकांपैकी अनेकांच्या घरी मण्यांची पाकिटे येतील, सुया हरवतील, तोरणावरचा एखादा पोपट कावळ्यासारखा दिसेल. ते सारे खुशाल होऊ द्यावे. फक्त सुईत दोरा ओवण्याआधी एक यादी करावी. आपल्या घरात विणणारे हात कोणाकोणाचे आहेत ती एक, आणि तयार वस्तू ज्यांच्या हातावर ठेवायची ती दुसरी. पहिल्या यादीतले एखादे नाव दुसऱ्या यादीतून गळत असेल, तर मणी तेच ठेवावेत. आत काय भरायचे तेवढे बदलावे.