पखवाजाची कणीक आणि नवा हेडफोन
(तृतीय वर्ष, कला)

गेल्या माघात आमच्या गावच्या हरिनाम सप्ताहातली एक संध्याकाळ माझ्यामुळे बिघडली. ही गोष्ट गावात फक्त दोघांना ठाऊक आहे. एक आमचे आबा आणि दुसरा मी. वार्षिकांकासाठी काहीतरी लिहून दे, असा तगादा सुरू झाला तेव्हा प्रथम तीच आठवली. विषय म्हटला तर अगदी किरकोळ आहे. नवा हेडफोन घेतला, तर त्याचा आवाज समतोल आहे की नाही हे ओळखायचे कसे? आपल्या वर्गातला प्रत्येक दुसरा विद्यार्थी आज कानांना काहीतरी लावून फिरतो. तरीही या प्रश्नावर जे बोलले जाते ते बहुतेक 'बेस कसला आहे यार!' एवढ्यावरच संपते. माझेही तेवढ्यावरच संपले होते.

आमचे गाव खोपोलीच्या शाखेवर आहे. कर्जतहून सुटलेली गाडी पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी असे थांबे घेत खोपोलीला टेकते. त्यांतल्याच एका स्थानकावर उतरून बांधाबांधाने चालत गेले की आमचे घर लागते. आबा, म्हणजे माझे आजोबा, भजनात पखवाज वाजवतात. सप्ताहात त्या पखवाजाला हात लावायची दुसऱ्या कोणाची छाती होत नाही. मी मात्र त्यांच्या मांडीला मांडी लावून बसूनही तीन बोटे धड टाकायला शिकलो नाही. दिवाळीच्या सुट्टीत इथल्याच एका रिसॉर्टवर पाहुण्यांच्या बॅगा उचलून जे पैसे जमले, त्यांतून कल्याणला जाऊन एक बिनतारी हेडफोन घेतला. तो कोणत्या कंपनीचा हे सांगत नाही; दोष कंपनीपेक्षा घेणाऱ्याचा मोठा होता.

दुकानदाराने दोन नग पुढे ठेवले. पहिला लावला तेव्हा आवाज बेताचा ठेवला होता. दुसरा, म्हणजे अर्थातच महागडा, डोक्यावर चढवला आणि आवाज पाऊण पट्टीच्या पुढे नेला. एक ढणढणते गाणे सुरू झाले. छातीत धडधडले. मी तिथल्या तिथे पैसे मोजले.

सप्ताहाच्या पहिल्या संध्याकाळचा हरिपाठ मी फोनवर मुद्रित केला होता. दुसऱ्या दिवशी महाविद्यालयात येताना गाडीत तो ऐकला. डावी थाप पडली की सगळा हरिपाठ तिच्याखाली दबायचा. जणू कोणी पाण्याच्या रिकाम्या पिंपावर गोधडी टाकून बडवत होते. विणेकऱ्याचा आवाज मागे, शब्द त्याहून मागे. घरी आल्यावर मी शहाणपणाने सांगून टाकले, "आबा, तुमची डावी फार घुमते. कणीक कमी लावा."

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पखवाजाच्या उजव्या पुडीवर शाई कायमची असते. डाव्या पुडीला मात्र वाजवण्याआधी मळलेली कणीक थापतात आणि वाजवून झाले की ती खरवडून काढतात. कणीक जास्त झाली की डावीचा आवाज खाली उतरतो, कमी पडली की तो वर चढतो आणि कोरडा होतो. किती लावायची याचे माप कुठेही लिहिलेले नाही. चिमूट लावायची, थाप मारायची, ऐकायचे, पुन्हा चिमूटभर काढायची. आवाजाचा समतोल साधणे म्हणजे काय, हे मी लहानपणापासून रोज डोळ्यांसमोर पाहत होतो आणि तरी तो शिकायला कल्याणच्या दुकानात गेलो!

आबा काही बोलले नाहीत. पंच्याहत्तरी ओलांडल्यापासून आपल्या कानावर त्यांचा पूर्वीचा भरवसा उरलेला नाही. शिकलेला नातू सांगतो म्हणजे त्यात तथ्य असेल, असे त्यांना वाटले असावे. तिसऱ्या संध्याकाळी त्यांनी खरोखरच कणीक कमी लावली. मी समोरच बसलो होतो, कानांना काहीही न लावता. पहिल्याच थापेला माझ्या पोटात खड्डा पडला. डावी टणटण वाजत होती, गजराला बूडच उरले नव्हते. कीर्तनकार बुवांनी दोनदा मागे वळून पाहिले. आबा खाली मान घालून वाजवत राहिले. हेडफोनचा दोष मी पखवाजात दुरुस्त करायला लावला होता.

आता जरा शास्त्राकडे वळू. कला शाखेच्या विद्यार्थ्याला झेपेल एवढेच. माणसाच्या कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, वय वाढते तशी वरची मर्यादा खाली येते. डाव्या पुडीची घुमारी या पट्ट्याच्या तळाशी, माणसाच्या गळ्यातले शब्द मध्यावर आणि टाळाची झणझण वर. हेडफोनचे काम या तिघांना मूळ प्रमाणात आपल्यापर्यंत पोचवणे. आमटीत चिंच, गूळ, मीठ सगळे असते, पण प्रमाण चुकले की ती आमटी राहत नाही, तसेच हे. खोक्यावर '२० ते २०,००० हर्ट्झ' असे ठळक अक्षरांत छापलेले असते. त्याने फक्त आमटीत काय काय घातले ते कळते, किती घातले ते नाही. हा आकडा वाचून हेडफोन घेणारे माझ्यासारखे शहाणे महाराष्ट्रात पुष्कळ असावेत.

दुकानात आपण फसतो त्याचेही कारण जुने आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली दाखवून दिले, की हळू आवाजात आपल्या कानाला खालचे सूर फारच कमी ऐकू येतात. आवाज वाढवला की तेच सूर भरभरून येतात. म्हणजे एकच हेडफोन हळू लावला तर पोकळ वाटतो आणि मोठ्याने लावला तर भरदार वाटतो. दोन नगांची तुलना करायची तर दोन्हींचा आवाज आधी कानाने एका पातळीवर आणला पाहिजे. थोडासा फरक राहिला तरी मोठा असेल तोच आपल्याला 'चांगला' वाटतो. माझ्या दुकानदाराने फ्लेचर-मन्सन वाचले नसतील, पण त्याला ते पाठ होते.

दुसरे कारण बसण्याचे. कानात घालायच्या बोंडाची रबरी टोपी नीट बसली नाही, किंवा कानावरच्या गादीखाली चष्म्याची काडी आली, की फटीतून खालचे सूर निसटतात. त्यामुळे मित्राच्या कानात घुमणारा नग तुमच्या कानात कोरडा वाजू शकतो. दोघेही खरेच सांगत असतात आणि तरी कट्ट्यावर भांडण होते.

आणि तिसरे कारण आपली लोकल. चाकांचा, रुळांचा, वाऱ्याचा सगळा गोंगाट मुख्यतः खालच्या सुरांचा असतो. तो गाण्यातले खालचे सूर गिळून टाकतो. मग आपण आवाज वाढवतो. गाडीत ऐकणाऱ्यासाठी म्हणून खालचे सूर आधीच फुगवून ठेवलेले हेडफोन बाजारात येतात, ते गाडीत बरे वाटतात आणि घरच्या शांततेत गोधडीसारखे. माझ्याच्यात तर फुगवटा इतका होता की गाडीलाही तो पुरता गिळता आला नाही. इथे आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी ८० डेसिबलच्या पातळीला आठवड्याला ४० तास ही मर्यादा सांगितली आहे. पातळी ९० वर गेली की ती मर्यादा ४ तासांवर येते. कर्जतहून मुंबईला रोज जा-ये करणाऱ्याचे ४ तास एका दिवसात संपतात. घाट चढणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून इंजिने जोडतात त्यांचा आवाज फलाटावर नुसत्या कानांनी ऐका. तो बुडवण्यासाठी कानात किती ओतावे लागेल याचा विचार केला तरी पुरे.

मग मोजमापे निरुपयोगी आहेत का? मुळीच नाही. २०१३ च्या सुमारास हार्मन या कंपनीतील शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी श्रोत्यांना कोणता हेडफोन ऐकतो आहोत हे कळू न देता पसंती विचारली. किंमत आणि नाव झाकले की बहुतेकांना जे आवडले ते आश्चर्यकारक रीतीने एकसारखे निघाले: चांगल्या खोलीत चांगल्या ध्वनिवर्धकांवर जसे ऐकू येते त्याच्या जवळ जाणारा आवाज. मोकळ्या कानाची रचनाच अशी, की ३,००० हर्ट्झच्या आसपासचे सूर तो आपोआप उचलून धरतो. हेडफोनला तेवढी भर स्वतः घालावी लागते, नाहीतर आवाज मंद वाटतो. हे सारे मला पटते. तरीही माझे मत असे की, पसंतीची सरासरी ही सुरुवात करायला उत्तम, निकाल द्यायला अपुरी. निकालासाठी हवेतून प्रत्यक्ष ऐकलेला एखादा आवाज मनात पक्का असावा लागतो. ज्याने कधी तंबोरा जवळून ऐकला नाही त्याला हेडफोनमधली जवारी कमी की जास्त, हे कोण सांगणार?

आणि इथे आपण कर्जत-खालापूरची मुले मुंबईकरांपेक्षा श्रीमंत आहोत. काकडा आहे, सप्ताह आहे, आजीची ओवी आहे, पावसात पत्र्यावर पडणारी सर आहे. यांचे मूळ आवाज आपल्याला फुकट मिळतात. हेडफोन पारखायचा तर ढणढणते गाणे नको. ओळखीच्या माणसाचे बोलणे लावा. आवाज छातीतून येतो की डब्यातून, हे लगेच कळते. तंबोरा लावा आणि जोडीच्या तारांची जवारी वेगळी उलगडते का पाहा. 'गीतरामायण' लावा, पुणे आकाशवाणीवर १९५५ साली सुरू झालेल्या त्या मालिकेत शब्दाला पहिला मान आहे, सुधीर फडक्यांचे व्यंजन न् व्यंजन ऐकू आले पाहिजे. मात्र खालचे सूर जोखायला फार जुन्या तबकड्या घेऊ नका. १९२५ पूर्वी कर्ण्यासमोर गाऊन मुद्रण होत असे आणि त्यात तळ व शेंडा दोन्ही येत नसत; बालगंधर्वांच्या सुरुवातीच्या तबकड्या कितीही गोड असल्या तरी या कामाच्या नाहीत. हे सारे हळू आवाजात आणि शांत जागी ऐकावे. आणि पहिल्या दिवशीच मत लिहून ठेवावे, कारण आठवड्याभरात कान सरावतो आणि फुगलेलेच सरळ वाटू लागते. माझ्याबाबत तेच झाले होते. सप्ताह उजाडेपर्यंत माझे कान हेडफोनच्या बाजूने साक्ष द्यायला तयार झाले होते.

एक मान्य करतो. फोनवर केलेले मुद्रण म्हणजे काही तांब्यातले गंगाजल नव्हे. फोनचा मायक्रोफोन लहान, आणि हळू-मोठा आवाज तो आपल्या अकलेने सारखा करत बसतो. म्हणून मी नंतर तेच मुद्रण एका मित्राच्या साध्या, तारेच्या हेडफोनवर ऐकले. हरिपाठ ओळखीचा वाटला. संशय उरला नाही.

वर्गातला एक मित्र म्हणतो, "मला घुमलेले आवडते, तुझे काय जाते?" काहीच जात नाही. कोणी आमटीत गुळाचा खडा जास्त टाकतो, त्याला आपण अडवत नाही. त्याने दुसऱ्याच्या घरी जाऊन 'तुमच्या आमटीत गूळ कमी' म्हणू नये, एवढेच. आवड आणि पारख यांत हा फरक आहे. आपल्या स्नेहसंमेलनात ध्वनिवर्धकांच्या भिंती उभ्या राहतात आणि गाणाऱ्या मुलीचे शब्द तिच्या आईलाही कळत नाहीत, तेव्हा आवडीने पारखीचा बळी घेतलेला असतो. माझी प्राध्यापक मंडळींना विनंती आहे, की वर्षातून एक तास तरी वर्गात तंबोरा आणि पखवाज आणावा, ध्वनिवर्धकाशिवाय वाजवावा, आणि मग तेच मुद्रण मुलांना त्यांच्या-त्यांच्या हेडफोनवर ऐकू द्यावे. खर्च चहापाण्याचा.

चौथ्या संध्याकाळी मी आबांना खरे काय ते सांगितले. ते हसले आणि कणीक पूर्वीइतकी थापली. सप्ताह संपल्यावर मी फोनमधल्या इक्वलायझरने खालचे सूर उतरवले, हळूहळू, चिमूट चिमूट काढावी तसे. मग ओटीवर बसलेल्या आबांच्या डोक्यावर हेडफोन चढवला आणि पहिल्या दिवसाचा हरिपाठ लावला. त्यांनी डोळे मिटले. मांडीवर बोटे चालू झाली.

"आता मीच वाजवतोय असं वाटतं," ते म्हणाले. मग थोडा वेळ ऐकून, "पण टाळवाले इतके पुढे कधी बसले होते रे?"

मी पुन्हा ऐकले. वरचे सूर खरेच चढे होते, ते माझ्या ध्यानात आले नव्हते. दोन खुणा खाली आणले आहेत. आबा म्हणतात, अजून एक.