वारा आपला, वही त्यांची

पावसाळ्यात ठोसेघरला गेलेला माणूस वर चाळकेवाडीच्या पठारावर चक्कर मारल्याशिवाय परत येत नाही. ओलं गवत, धुकं आणि धुक्यातून अर्धवट दिसणारी पवनचक्क्यांची पाती. तुमच्या फोनमध्येही तिथला एखादा रील असेल, मागे कुठलं तरी हळवं गाणं लावलेला. माझ्या फोनमध्ये तर तीन आहेत. पण त्या पवनचक्क्या तिथे आल्या कशा, हे मला बरंच उशिरा कळलं. वारा होता म्हणून आल्या, हे अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं चार्टर्ड अकाउंटंटकडे मिळतं.

नव्वदच्या दशकात पवनचक्की घेतली की पहिल्याच वर्षी तिची शंभर टक्के किंमत घसारा म्हणून उत्पन्नातून वजा करता येत होती. त्यावर राज्याची विक्रीकराची सवलत. साहजिकच ज्यांचा विजेशी काडीचा संबंध नव्हता अशा कारखानदारांनीही पवनचक्क्या घेतल्या. सवलत यंत्र उभं केल्याबद्दल मिळायची, ते वीज किती देतं हा प्रश्न सवलतीच्या कागदावर नव्हताच. युनिटमागे प्रोत्साहन देणारी केंद्राची योजना यायला २००९ साल उजाडलं.

हे जुनं उकरून काढण्याचं कारण असं की आता आपण पवनचक्क्या समुद्रात उभ्या करायला निघालो आहोत, आणि पैशांची वाटणी पाहिली तर खोड जुनीच दिसते.

१९ जून २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने समुद्रातल्या पवनऊर्जेसाठी ७,४५३ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्यातले ६,८५३ कोटी गुजरात आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यांजवळच्या प्रत्येकी ५०० मेगावॉटच्या प्रकल्पांना ‘व्हायबिलिटी गॅप फंडिंग’ म्हणून. म्हणजे समुद्रातली महाग वीज आणि बाजाराला परवडणारा दर यांच्यातली फट सरकारने बुजवायची. ६०० कोटी दोन बंदरांच्या सुधारणेसाठी. संपली बेरीज. मोजण्यासाठी, तपासण्यासाठी, चुकून बघण्यासाठी या हिशेबात वेगळा रकाना नाही. नाही म्हणायला मंत्रालयाची संशोधनासाठी एक स्वतंत्र योजना आहे. २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी तिला २२८ कोटी. तेही सौर, पवन, जैव असं सगळं मिळून. खरेदीच्या ताटाशेजारी ही चटणीची वाटी.

माझं भांडण अनुदानाशी नाही. पहिले प्रकल्प सगळीकडे सरकारी टेकूवरच उभे राहिले आहेत. भांडण या गृहीतकाशी आहे की यंत्र विकत घेतलं की विद्याही पिशवीत घालून मिळते.

जून १९९८ मध्ये सौराष्ट्रावर चक्रीवादळ आलं. कांडल्यात झालेल्या मनुष्यहानीची आठवण अजून तिथे काढली जाते. त्याच वादळात पोरबंदर भागातल्या अनेक पवनचक्क्या मोडल्या. कुठे पाती तुटली, कुठे मनोराच आडवा झाला. ज्या वाऱ्याचा हिशेब करून ती यंत्रं बनवली होती, त्याच्या पलीकडचा वारा आला होता. त्या पडझडीची चिकित्सा करणारा जो निबंध पुढच्या वर्षी युरोपातल्या परिषदेत वाचला गेला, तो डेन्मार्कच्या रिसो प्रयोगशाळेतल्या लोकांचा होता. यंत्रं आपल्या किनाऱ्यावर मोडली आणि वही त्यांची भरली. यात डॅनिश लोकांचा काही दोष नाही. ते आले, त्यांनी मोजलं, लिहिलं. शिकायची सवय असलेला माणूस दुसऱ्याच्या घरची भिंत पडली तरी जाऊन पाया बघून येतो.

ही सवय त्यांना कशी लागली, ते सविस्तर सांगण्यासारखं आहे. १९५७ मध्ये योहानेस यूल नावाच्या इंजिनिअरने गेडसर गावाजवळ २०० किलोवॉटची पवनचक्की उभारली. युद्धानंतर युरोपला सावरायला अमेरिकेने जी मार्शल मदत दिली, त्यातलाही पैसा तिला लागला होता. दहा वर्षं ती चालली. तेल स्वस्त होतं, म्हणून १९६७ ला थांबवली. पण भंगारात काढली नाही. १९७३ ला तेलाचा भडका उडाला आणि अमेरिकेला वाऱ्याची आठवण झाली. तेव्हा हीच म्हातारी पुन्हा दुरुस्त करून फिरवली गेली आणि तिच्यावर उपकरणं लावून मोजमापं घेतली गेली. खर्चात अमेरिकेचाही वाटा होता. थांबलेलं यंत्रसुद्धा त्यांनी वाचायला वापरलं.

पुढे १९७८ मध्ये रिसोला लहान पवनचक्क्या तपासणारं केंद्र निघालं. १९७९ मध्ये डॅनिश सरकारने पवनचक्की घेणाऱ्याला किमतीच्या ३० टक्के अनुदान जाहीर केलं, आणि त्याला एक अट घातली: यंत्र रिसोने तपासून मान्य केलेलं हवं. मला ही ओळ फार महत्त्वाची वाटते. सवलत तीच, जी आपण नंतर साताऱ्याला दिली. फक्त ती तपासणीच्या खुंटीला बांधलेली. त्यामुळे गावोगावचे लोहार-सुतार म्हणावेत असे छोटे कारखानदार आपापली यंत्रं घेऊन प्रयोगशाळेच्या दारात उभे राहिले, आणि एकाच्या चुकीतून दुसरा शहाणा झाला.

उलट उदाहरणही शेजारीच आहे. जर्मनीने त्याच सुमाराला ‘ग्रोव्हियान’ नावाची ३ मेगावॉटची राक्षसी पवनचक्की बांधली. पैसा सरकारी, कंपन्या बड्या, उडी एकदम शंभर फुटांची. १९८३ ला उभी राहिली आणि काही वर्षांत मोडीत निघाली. एकूण चालली ती पाचशे तासही नाही. अमेरिकेत नासानेही अशीच एकाहून एक मोठी यंत्रं बांधून पाहिली, आणि त्यातून बाजारात टिकेल असं यंत्र निघालं नाही. तेव्हा “संशोधनाला नुसते जास्त पैसे द्या” असं मी म्हणतोय असं समजू नका. पैसे कुणाला, किती चिकाटीने आणि कुठल्या अटीवर देता, यावर सगळं ठरतं.

डेन्मार्कने १९९१ मध्ये समुद्रात पहिलं पाऊल टाकलं ते विंडेबीला: ४५० किलोवॉटची ११ यंत्रं, किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. मग ११ वर्षांनी हॉर्न्स रेव्ह: ८० यंत्रं, १६० मेगावॉट. आणि तिथे दणका बसला. खाऱ्या हवेत ट्रान्सफॉर्मर आणि जनरेटर बिघडू लागले. २००४ मध्ये ८० च्या ८० यंत्रांची डोकी काढून, जहाजावर घालून, दुरुस्तीला किनाऱ्यावर आणावी लागली. आपल्याकडे असं झालं असतं तर काय झालं असतं? चौकशी समिती, दोन अधिकारी निलंबित, आणि टीव्हीवर “जनतेचा पैसा पाण्यात” अशी पट्टी. (समुद्रातला प्रकल्प असल्यामुळे ही पट्टी लिहिणाऱ्याला त्या दिवशी बढती.)

२०१० मध्ये जर्मनीने बोर्कुम बेटाच्या उत्तरेला ‘आल्फा व्हेंटुस’ हा १२ यंत्रांचा प्रकल्प मुद्दाम शिकण्यासाठी उभारला. त्याला जोडून सरकारने सुमारे ५ कोटी युरो निव्वळ संशोधनाला दिले. लाटांचा धक्का खांबाला किती बसतो, खांबाच्या बुडाशी वाळू कशी खरवडली जाते, पायाचे खांब ठोकताना होणाऱ्या आवाजाने समुद्रातले प्राणी कुठे पळतात, सगळं मोजलं. त्या १२ पैकी ६ यंत्रं आरईपॉवर या कंपनीची होती, प्रत्येकी ५ मेगावॉटची.

आता इथे थोडं थांबा. त्या वेळी आरईपॉवरची मालकी कुणाकडे होती, माहीत आहे? आपल्या पुण्याच्या सुझलॉनकडे. २००७ मध्ये सुझलॉनने फ्रेंच कंपनीशी चुरस करून ती मिळवली होती. म्हणजे उत्तर समुद्रात फिरणाऱ्या, जगातल्या त्या वेळच्या मोठ्यात मोठ्या यंत्रांपैकी एकाचे धागे हडपसरपर्यंत पोचत होते. मग कर्ज डोईजड झालं. २०१५ च्या सुरुवातीला सुझलॉनने ती कंपनी १०० कोटी युरोंना एका अमेरिकी गुंतवणूक फंडाला विकण्याचा करार केला. आणि भारत सरकारने समुद्रातल्या पवनऊर्जेचं राष्ट्रीय धोरण अधिसूचित केलं ते कधी? त्याच वर्षी, ऑक्टोबरमध्ये. माप विकून झाल्यावर आपण धान्य मोजायला बसलो. कर्जात बुडालेल्या खासगी कंपनीला सरकारने वाचवायला हवं होतं असं मी म्हणत नाही. पण ते ज्ञान धरून ठेवील असं एखादं केंद्र, एखादं चाचणी-यंत्र, पगारी इंजिनिअरांचा एखादा चमू या देशात तेव्हा असता, तर कंपनी गेली तरी सगळंच गेलं नसतं.

“एवढी कटकट कशाला? युरोपने शोधलंय, चीनने स्वस्त केलंय, आपण घ्यावं.” हा युक्तिवाद मी चांगल्या शहाण्या लोकांकडून ऐकला आहे. मोबाइलला तो लागू पडतो. समुद्राला पडत नाही, कारण समुद्र आयात करता येत नाही.

खंबातच्या आखातात पिपावावजवळ राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेने २०१७ मध्ये लायडार बसवलं, म्हणजे लेझरने वारा मोजणारं उपकरण. नोंदी सगळ्यांसाठी खुल्या केल्या. हे उत्तम काम होतं आणि त्याचं पुरेसं कौतुक झालं नाही. तिथे शंभरेक मीटर उंचीवर वारा निघाला सेकंदाला सरासरी साडेसात मीटरच्या आसपास. उत्तर समुद्रात चांगल्या ठिकाणी तो दहाच्या जवळ असतो. फरक थोडा वाटतो ना? पण वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. साडेसातच्या वाऱ्यात दहाच्या वाऱ्याच्या निम्मीही ऊर्जा नसते. म्हणजे आपल्याला लांब पात्यांचं, मंद वाऱ्यावर चालणारं यंत्र हवं. आणि त्याच यंत्राने चक्रीवादळही सोसलं पाहिजे. लांब पातं वादळाला जास्त अंग देतं. या दोन गरजा एकमेकींच्या विरोधात ओढतात, आणि त्यांची तडजोड उत्तर समुद्रात कुणाला करावी लागली नाही. वादळी प्रदेशांसाठी वेगळा वर्ग आंतरराष्ट्रीय मानकात आला तोच २०१९ मध्ये.

वादळ म्हणजे कागदावरची शक्यता नव्हे. १७ मे २०२१ च्या रात्री तौक्ते दीव-ऊना भागात जमिनीवर चढलं, ताशी १६०-१७० किलोमीटरच्या वाऱ्यानिशी. नकाशा काढून बघा, पिपावाव तिथून किती जवळ आहे. त्याच दिवशी त्याच वादळात बॉम्बे हायजवळ पी-३०५ बार्ज बुडाली आणि किती घरांतले कर्ते गेले, ते आपण सगळ्यांनी बातम्यांत पाहिलं.

शिवाय पावसाळा. अरबी समुद्रावर वाऱ्याचा जोर असतो तो जून ते ऑगस्ट. नेमक्या त्याच महिन्यांत कोळी होड्या वर ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेची वाट बघतात. यंत्राची कमाईही त्याच दिवसांत. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एक बेअरिंग गेलं, तर दुरुस्तीची बोट जाणार कधी? या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही परदेशी कंपनीच्या माहितीपत्रकात नसतं. तळाचीही तीच कथा. नर्मदा, तापी, मही, साबरमती यांनी आणून टाकलेला गाळ आणि त्यावरून भरती-ओहोटीची जबर ओढ. तिथे खांब किती खोल न्यायचा, हे त्या चिखलाचे नमुने काढणाऱ्यालाच सांगता येईल.

असा एक नमुने काढणारा माझा मित्र आहे. समुद्रतळाच्या मऊ चिकणमातीवर पीएचडी करत होता. फेलोशिप कागदावर महिना ३७,००० रुपये. एकदा सात महिने आली नाही. सात महिने घरमालकाला “सर, शासनाकडून यायचेत” सांगून त्याने दिवस काढले. यंत्राला लागणारा एक सेन्सर मागवायची फाइल त्याहून जास्त फिरली. आता तो बंगळुरूला एका बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, सुखात आहे. चिकणमातीचा विषय काढला की हसतो आणि बिल मागवतो.

सरकारने २०२५ मध्ये संशोधनासाठी एक लाख कोटींची योजना आणली, तिचं काय, असं कुणी विचारेल. ती मुख्यतः खासगी उद्योगाला स्वस्त, लांब मुदतीचं कर्ज देणारी आहे. कर्ज परत करायचं असतं. आखाताच्या तळाची तीन वर्षं मोजणी करून ती सर्वांना फुकट द्यायला कुठली कंपनी कर्ज काढेल?

म्हणून मागणी साधी आहे. ७,४५३ कोटींचे पाच टक्के, म्हणजे साधारण ३७० कोटी, या योजनेतच शिकण्यासाठी राखून ठेवा. त्यातून दोन-तीन चाचणी-यंत्रं उभारा, मोडली तरी चालतील अशी. पनवेलला ओएनजीसीची सागरी अभियांत्रिकीची संस्था आहे. बॉम्बे हायच्या तळाशी खांब रोवण्याचा या देशाचा अनुभव पन्नास वर्षांचा आहे. त्यांना यात घ्या. आणि डॅनिश खुंटी बांधा: ज्या कंपनीला अनुदान हवं, तिने खांबावरचे ताण, बिघाड, बंद पडल्याचे दिवस, सगळ्या नोंदी खुल्या कराव्यात. व्यापारी गुपित म्हणून नाही म्हणायचं असेल, तर सरकारी पैशालाही नाही म्हणावं.

गुजरातच्या ५०० मेगावॉटसाठी २०२४ मध्ये निघालेली निविदा २०२५ मध्ये रद्द झाली. बऱ्याच जणांनी हळहळ व्यक्त केली. मला ती मिळालेली सवड वाटते. सरकारने आखलेल्या १६ सागरी पट्ट्यांपैकी आठ गुजरातचे आणि आठ तमिळनाडूचे. कोकण-गोव्याच्या वाट्याला एकही नाही. तिथे वारा पुरेसा नसेलही. पण पिपावावपासून वेंगुर्ल्यापर्यंत चार-पाच ठिकाणी समुद्रात उपकरणं ठेवून, मृगापासून नारळी पौर्णिमेपर्यंत त्या पाण्यात नेमकं काय होतं याच्या नोंदी फोनवर कुणालाही उघडून बघता येतील, एवढं काम पुढची निविदा निघण्याआधी व्हायला हवं. होड्या वर ओढलेल्या असतात तेव्हाच्या नोंदी.