आई अल्पवयीन, म्हणून अपात्र?

घरातील पंधरा-सोळा वर्षांची मुलगी गरोदर आहे हे कळल्यावर गरीब कुटुंबावर काय गुदरते, याची चर्चा आपल्याकडे नेहमी अब्रू आणि कायदा या दोन शब्दांभोवती फिरते. त्या कुटुंबाच्या पोटापाण्याचा आणि सरकारी मदतीचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही. हा हिशेब मांडला तर दिसते ते विलक्षण आहे. कल्याणकारी योजनांच्या आधाराची ज्या मुलीला सर्वाधिक गरज, तिच्यापाशी येऊनच त्यांतील बऱ्याच योजना थांबतात.

ही मूठभर घरांची गोष्ट नव्हे. २०१९-२१च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १५ ते १९ वयोगटातील ७.६ टक्के मुली एक तर आई झालेल्या होत्या किंवा गरोदर होत्या. २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के महिलांचा विवाह अठरापूर्वी झालेला होता. परभणी जिल्ह्यात हे प्रमाण ४८, तर बीडमध्ये ४३.७ टक्के होते. पुरोगामी म्हणवणाऱ्या राज्याला हे आकडे शोभणारे नाहीत.

अन्नसुरक्षा कायद्यापासून सुरुवात करू. २०१३च्या या कायद्याचे चौथे कलम प्रत्येक गरोदर व स्तनदा मातेला अंगणवाडीतून मोफत आहार आणि किमान सहा हजार रुपयांचा मातृत्व लाभ देते. कलमात वयाचा उल्लेख नाही. मात्र 'केंद्र सरकारच्या योजनांच्या अधीन राहून' अशी पुस्ती त्याला जोडलेली आहे आणि सारी मेख त्या पुस्तीत आहे. २०१० साली निवडक जिल्ह्यांत सुरू झालेल्या इंदिरा गांधी मातृत्व सहयोग योजनेने एकोणीस वर्षांची अट घातली होती. तिची जागा घेणाऱ्या प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेनेही किमान वय अठरांच्या वरच ठेवले. या योजनेत पहिल्या अपत्यासाठी पाच हजार आणि दुसरे अपत्य मुलगी असल्यास सहा हजार रुपये मिळतात. सतरा वर्षांच्या आईला यातले काहीही मिळत नाही. कायद्याने दिलेले नियमावलीने काढून घेतले, असा याचा सरळ अर्थ.

याच मुलीकडे आरोग्य खाते वेगळ्या नजरेने पाहते. २००५च्या जननी सुरक्षा योजनेतही आरंभी एकोणीस वर्षांची आणि दोन अपत्यांची अट होती. २०१३ मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने ती काढून टाकली. लहान वयातील बाळंतपण अधिक जोखमीचे असते, त्यामुळे अशा मुलीला रुग्णालयापासून दूर लोटणे परवडणारे नाही, हे सांगायला पंडिताची गरज नव्हती. आज महाराष्ट्रात दारिद्र्यरेषेखालील किंवा अनुसूचित जाती-जमातींतील आईला ग्रामीण भागात ७०० व शहरी भागात ६०० रुपये मिळतात. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयातील प्रसूती, औषधे, आहार व वाहन वयाची विचारणा न करता मोफत आहे. एकाच सरकारची दोन मंत्रालये, एकच मुलगी. एक मंत्रालय तिला खाटेवर घेते आणि दुसरे तिचा अर्ज परत करते!

वयाच्या अटीचे समर्थन ठाऊक आहे. अल्पवयीन मातेला पैसे दिले तर बालविवाहाला उत्तेजन मिळेल, असे सांगितले जाते. हा युक्तिवाद कागदावर तर्कशुद्ध दिसतो, मराठवाड्यातील तांड्यावर तो टिकत नाही. तेथे मुलीचे लग्न लावण्याचा विचार होतो तो ऊसतोडीच्या हंगामाच्या तोंडावर. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो, मुकादमाची उचल जोडप्याला मिळते आणि ती मातृ वंदनेच्या पाच हजारांच्या कितीतरी पट असते. सहा-सहा महिने कारखान्याच्या परिसरात पाल ठोकून राहणाऱ्या आईबापांना वयात आलेली मुलगी गावी एकटी ठेवण्याची धास्तीही असतेच. सरकारी अनुदानाच्या आशेने मुलीचे हात पिवळे करणारा बाप शोधून सापडणार नाही.

दुसरा मार्ग लग्न न करण्याबद्दल बक्षीस देण्याचा. पश्चिम बंगालने २०१३ मध्ये 'कन्याश्री' सुरू केली. अठराव्या वर्षी अविवाहित राहून शिकत असलेल्या मुलीला एकरकमी २५ हजार रुपये देणाऱ्या या योजनेला २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कारही मिळाला. तरीही त्या राज्यातील बालविवाहाचे प्रमाण चौथ्या आणि पाचव्या सर्वेक्षणात ४१.६ टक्क्यांवरच राहिले. मुली शाळेत अधिक काळ टिकल्या असतील, त्याचे मोल आहेच. पण लग्ने थांबली नाहीत. महाराष्ट्राने 'सुकन्या', 'माझी कन्या भाग्यश्री' आणि आता 'लेक लाडकी' अशी नावे बदलत तीच वाट धरली. 'लेक लाडकी'त पिवळ्या व केशरी शिधापत्रिकेच्या घरी १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलीला टप्प्याटप्प्याने एक लाख एक हजार रुपये मिळणार आहेत आणि त्यातले ७५ हजार अठराव्या वर्षी, म्हणजे २०४१ पासून पुढे. आज सोळा वर्षांची असलेली मुलगी या योजनेच्या हिशेबात कोठेच नाही. २०२४च्या 'लाडकी बहीण'ची पायरी एकविसाव्या वर्षापासून सुरू होते. त्यामुळे दरमहाचे दीड हजार आजीच्या खात्यावर येऊ शकतात, नातवाच्या आईच्या नव्हे.

योजनांपेक्षाही मोठा पेच कायद्याचा आहे. 'पोक्सो' कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलीशी संबंध हा गुन्हा आहे आणि २०१७च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने विवाहाची ढालही उरलेली नाही. गुन्ह्याची माहिती असून पोलिसांना न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. बालविवाह लावणारे आईबाप दोन वर्षांच्या शिक्षेला पात्र ठरतात. आता अंगणवाडी सेविकेच्या जागी क्षणभर उभे राहून पाहा. गरोदरपणाची नोंद तिने करायची, शिधा तिने द्यायचा, अर्ज तिने भरायचा आणि ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असल्यामुळे खबरही तिनेच पोहोचवायची. राहायचे मात्र त्याच गावात. अशा वेळी नोंदवहीत वय अठरा-एकोणीस लिहिले जाते किंवा मुलीचे नावच लिहिले जात नाही. नाव नसेल तर लोहाच्या गोळ्या नाहीत, वजन नाही, पोषण आहार नाही. आसाममध्ये फेब्रुवारी २०२३ मध्ये बालविवाहांविरुद्ध मोहीम उघडून तीन हजारांहून अधिक लोकांना अटक झाली, तेव्हा गरोदर मुली रुग्णालयांत जाण्यास घाबरू लागल्याच्या बातम्या आल्या होत्या. गर्भपातापुरता या भीतीवर काही उतारा आहे. मुलीची व पालकांची विनंती असल्यास डॉक्टरांनी पोलिसांना तिची ओळख सांगण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले. बाळंतपणासाठी येणाऱ्या मुलीला असे अभय नाही.

आणि गुन्हा नोंदवलाच तर? राज्याच्या 'मनोधैर्य' योजनेत पीडितेला दहा लाखांपर्यंत अर्थसाह्याची तरतूद आहे. म्हणजे कुटुंब गप्प राहिले तर पाच हजारही नाहीत, आणि जावयाला तुरुंगात धाडले तर लाखांची शक्यता. ज्या घरात मुलीवर खरोखर अत्याचार झाला आहे, तेथे ही मदत न्याय्य आणि अपुरीच. पण जेथे घरच्यांनीच लग्न लावून दिले आहे, तेथे आरोपी हाच कमावता असतो, आणि त्याच्या अटकेनंतर चूल कशावर पेटायची हे विचारणारा स्तंभ कोणत्याही सरकारी अर्जात नाही. पश्चिम बंगालमधील अशाच एका प्रकरणात, मे २०२५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने दोषी ठरलेल्या पतीला शिक्षा न देण्याचा अपवादात्मक निर्णय घेतला. त्या मुलीला गुन्ह्यापेक्षा त्यानंतरच्या कज्जेदलालीने अधिक घायाळ केले, हे न्यायालयाने नेमलेल्या समितीच्या पाहणीतून पुढे आले होते. तिच्या व बाळाच्या निवाऱ्याची, शिक्षणाची जबाबदारी राज्याने घ्यावी, असेही न्यायालयाने बजावले.

केंद्राने २०२३ मध्ये निर्भया निधीतून ७४ कोटी १० लाखांची एक योजना आखली. अत्याचारातून गर्भवती झालेल्या आणि घराने टाकलेल्या अल्पवयीन मुलींना निवारा, शिक्षण व कायदेशीर मदत देणारी ही योजना आहे. लाभासाठी मुलीने प्राथमिक माहिती अहवालाची प्रत दाखवणे सक्तीचे नाही, ही तिच्यातील सर्वांत शहाणी तरतूद. पोलिसांना कळवण्याचे काम यंत्रणेचे. मुलीची भाकरी त्यावर अडणार नाही. हीच विभागणी मातृ वंदनेत का आणता येऊ नये? बालविवाह लावणाऱ्यांवर खटले चालोत, मुकादमावरही चालोत. पण गर्भातील बाळाच्या पोषणाचे पैसे आईच्या जन्मतारखेवर रोखून धरायचे, तर निदान त्यातून एक तरी लग्न थांबल्याचा पुरावा महिला व बालविकास मंत्रालयाने द्यावा. या मंत्रालयाच्या मातृत्व योजनेत वयाची अट लागू झाली २०१० साली. तेव्हा अशा आयांच्या पोटी जन्मलेल्या मुली आता स्वतःच पंधरा-सोळा वर्षांच्या झाल्या आहेत.