जुन्या घराचा उंबरठा ओलांडण्यापूर्वी

‘घर पाहावे बांधून’ असे सांगणाऱ्या पूर्वजांनी जुने घर विकत घेणाऱ्यासाठी मात्र कोणताच सल्ला ठेवलेला नाही. राहते घर विकणे ही त्या काळी नामुष्की मानली जाई; मग ते घेणाऱ्याचा विचार कोण करणार? आज काळ बदलला आहे. तंजावूरच्या राजवाड्याभोवतीच्या चार राजवीथींत एकेकाळी कौलारू छपरांची, पुढे तिण्णै म्हणजे ओटा आणि मध्ये चौक असलेली घरे दाटीने उभी होती. त्यांपैकी काही अजून टिकून आहेत, तर काहींच्या जागी लहान सदनिकांच्या इमारती आल्या आणि आता त्याही जुन्या झाल्या. मंदिर, बाजार, दवाखाना आणि सरस्वती महाल ग्रंथालय पायी जाण्याच्या अंतरावर असावे, असे वाटणाऱ्या निवृत्तांना आणि पूर्वजांच्या गावी परतू पाहणाऱ्या मराठी कुटुंबांना अशी सदनिका साहजिकच मोह घालते.

हा मोह गैर नाही. परंतु अशा व्यवहारात भावनेला पुढची आणि कागदपत्रांना मागची जागा मिळते, आणि तेथेच आयुष्यभराची पुंजी धोक्यात येते. नव्या वसाहतीतील घराच्या मालकीची साखळी बहुधा दोन-तीन कड्यांची असते. जुन्या पेठेतील जागेची साखळी अनेक पिढ्यांची असते आणि तिच्यातील एक कडी जरी निखळली, तरी खरेदीखत कितीही शुद्ध भाषेत लिहिलेले असो, ते पोकळ ठरू शकते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण खुद्द राजवाड्याचेच आहे. नायकांनी उभारलेल्या आणि पुढे भोसल्यांनी वाढविलेल्या या वास्तूचे धनी दुसरे शिवाजीराजे १८५५ साली पुत्राविना निवर्तले. ईस्ट इंडिया कंपनीने राज्याबरोबर त्यांची खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाईंनी न्यायालयात धाव घेतली. मद्रासच्या न्यायालयात त्यांच्या बाजूने लागलेला निकाल १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने फिरविला. १८६२ मध्ये सरकारने खासगी मालमत्ता राण्यांना परत केली खरी, पण नंतर राण्या आणि वारस यांच्यातील दावे विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापर्यंत चालले. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरण्यात आला. ज्यांची वंशावळ अशी दगडावर कोरलेली आहे, त्यांच्या वारसांनाही मालकीसाठी इतकी वर्षे झगडावे लागले. मग ‘आमच्या आजोबांपासून हे घर आमचेच आहे’ या तोंडी ग्वाहीवर सामान्य खरेदीदाराने किती विसंबावे?

जुन्या जागेच्या व्यवहारात सर्वाधिक विसरली जाणारी सही बहिणीची असते. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानुसार, मृत्युपत्र न करता वडील वारले, तर त्यांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत मुलीचा वाटा मुलाइतकाच असतो. वडिलोपार्जित मालमत्तेत तामिळनाडूने १९८९ पासून त्या वेळी अविवाहित असलेल्या मुलींना जन्मसिद्ध हक्क दिला. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्रीय कायद्याने तो सर्व मुलींना मिळाला आणि त्या तारखेला वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. २० डिसेंबर २००४ पूर्वीची नोंदणीकृत वाटणी मात्र अबाधित राहते. म्हणजे पुण्यात किंवा परदेशात नांदणारी बहीण ‘काही मागत नाही’ असे विक्रेता म्हणत असेल, तर तिचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र किंवा खरेदीखतावरील तिची सही मागणे हा अविश्वास नव्हे. ती परदेशी असल्यास तेथील भारतीय वकिलातीसमोर साक्षांकित केलेले मुखत्यारपत्र चालू शकते. बहिणीचा हक्क डावलून मिळालेले घर कायद्याने असुरक्षित असते आणि न्यायानेही उणे असते.

विक्रेत्याने दिलेल्या भाररहितता दाखल्यावर, म्हणजे तामिळमधील ‘विल्लंगम्’ दाखल्यावर, अनेकजण समाधान मानतात. हा दाखला आवश्यक आहे, पण पुरेसा नाही. त्यात केवळ नोंदणी झालेले व्यवहार दिसतात. तोंडी वाटणी, नोंद न झालेले मृत्युपत्र किंवा वारसाहक्काने मिळालेला वाटा त्यात उमटत नाही. म्हणून किमान तीस वर्षांची मूळ कागदपत्रे, नगर भूमापन नोंद, पट्टा, वारस दाखला आणि मालमत्ता कराच्या पावत्या एकमेकांशी ताडून पाहाव्या लागतात.

सदनिकेच्या बाबतीत आणखी एक प्रश्न उरतो. भिंती काळाबरोबर झिजतात, जमिनीचे मोल मात्र टिकते. समजा, २,४०० चौरस फुटांच्या भूखंडावर सहा समान सदनिका आहेत. प्रत्येकीच्या वाट्याला ४०० चौरस फुटांचा अविभाज्य हिस्सा यावयास हवा. खतात तो २५० च असेल, तर उरलेला कोणाकडे राहिला हे विचारलेच पाहिजे. पुढे इमारत पाडून नवी बांधण्याची वेळ आली, तर हाच हिस्सा कामी येतो. तामिळनाडूच्या २०२२ च्या सदनिका मालकी कायद्यानुसार पुनर्विकासाला दोन-तृतीयांश सदनिकाधारकांची संमती लागते. बृहदीश्वर मंदिरासारख्या केंद्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत परवानगीची अट आहे, हेही तेथील खरेदीदाराने विसरू नये.

पैशांचा हिशेबही आधीच मांडलेला बरा. ४० लाखांच्या सदनिकेवर रिझर्व्ह बँकेच्या मर्यादेनुसार कमाल ८० टक्के, म्हणजे ३२ लाख कर्ज मिळू शकते. उरलेले ८ लाख खरेदीदाराचे. मुद्रांक शुल्क, अधिभार आणि नोंदणी मिळून तामिळनाडूत सुमारे ९ टक्के, म्हणजे ३ लाख ६० हजार रुपये होतात आणि ते कर्जाच्या हिशेबात धरले जात नाहीत. गळके छत, गंजलेल्या सळ्या आणि जुन्या विद्युततारा यांचा खर्च वेगळाच. हाताशी १२ लाखही नसताना बयाणा देणे म्हणजे पुढच्या अडचणीला आमंत्रण होय.

येथे बँकांनाही आपले कर्तव्य टाळता येणार नाही. इमारत जुनी आहे एवढ्याच कारणाने अर्ज बाजूला ठेवणे सोपे असते. परंतु तसे होत राहिले, तर कर्ज फक्त शहराबाहेरील नव्या वसाहतींना मिळेल आणि राजवीथींतील घरे रोखीने व्यवहार करणाऱ्यांच्याच हाती जातील. अभियंत्याच्या तपासणीत इमारतीचे उरलेले आयुष्य कर्जाच्या मुदतीहून पुरेसे अधिक दिसत असेल आणि मालकीची साखळी अखंड असेल, तर वय हा अडसर ठरू नये. आणि नकार द्यावयाचाच असेल, तर कोणता कागद कमी पडला हे ग्राहकाला स्पष्ट शब्दांत सांगितले जावे. वकिलाचा शोध अहवाल बँकेच्या सुरक्षिततेसाठी असला, तरी त्याचा पहिला लाभ ग्राहकालाच होतो.

ग्राहकानेही बँकेच्या प्रश्नांकडे अडवणूक म्हणून पाहू नये. अहवाल येईपर्यंत मोठी रक्कम न देणे आणि बयाणापत्रात ‘मालकी निर्वेध न आढळल्यास रक्कम परत’ अशी अट घालणे, एवढे भान ठेवले तरी पुष्कळ मनस्ताप टळेल. मुंज, लग्न, श्राद्ध अशा कित्येक प्रसंगांच्या आठवणी साठवलेली ती घरे नव्या माणसांनी पुन्हा नांदती व्हावीत, ही इच्छा सुंदर आहे. मात्र त्या घरांच्या उंबरठ्यावर पाऊल ठेवताना मागे कोणाची सही राहून गेलेली नाही, याची खात्री असली पाहिजे. मग त्या घरात झोप शांत लागेल.