तिकिटाच्या पैशाचे दोन हिशेब

सागरी प्राण्यांच्या उद्यानात तिकीट काढून शिरणारा पाहुणा एकाच किमतीत दोन वस्तू घेतो: डोळ्यांचे सुख आणि सत्कार्याला हातभार लावल्याचे समाधान. दुसरी वस्तू अगदीच नकली नसते. १९६४ साली सान डिएगो येथे सुरू झालेल्या अमेरिकेतील ‘सीवर्ल्ड’ने हजारो जखमी, आजारी प्राण्यांवर उपचार केले आहेत. पण तेथील गल्ला कोणाच्या जिवावर भरत होता?

मुख्यतः ओर्काच्या. (‘किलर व्हेल’ हे त्याचे रूढ नाव, कूळ मात्र डॉल्फिनचे.) हौदात जन्मलेली त्याची पिले समुद्रात सोडण्यासाठी नव्हती, उद्याच्या खेळासाठी होती. संवर्धनाच्या फलकाखाली चाललेले हे प्रजनन वस्तुतः मालाचे उत्पादनच म्हणावे लागेल. फेब्रुवारी २०१० मध्ये ऑर्लंडोच्या उद्यानात तिलिकम या ओर्काने आपल्या प्रशिक्षिकेचा बळी घेतला. २०१३ साली ‘ब्लॅकफिश’ या माहितीपटाने ती हकीकत घरोघर नेली. कंपनीचे समभाग त्याच वर्षी बाजारात आले होते. ऑगस्ट २०१४ मध्ये एका दिवसात त्यांचा भाव सुमारे एक-तृतीयांशाने कोसळला आणि मार्च २०१६ मध्ये ओर्कांचे प्रजनन बंद केल्याची घोषणा झाली. कायद्याचा धाक होताच. पण प्राणिप्रेमिकांच्या निषेधाला दाद न देणारी कंपनी घटत्या गर्दीपुढे नमली, हे अर्थशास्त्राच्या अध्यापकाला नोंदविलेच पाहिजे.

भारत सरकारने मे २०१३ मध्येच डॉल्फिनच्या खेळांना परवानगी न देण्याचे राज्यांना कळविले, हे योग्यच झाले. मात्र भव्य उद्यानाचा मोह आपल्यालाही सुटलेला नाही. मालवण तालुक्यात तोंडवळी-वायंगणी येथे ‘सी-वर्ल्ड’ उभारण्याचा सरकारी संकल्प वर्षानुवर्षे गाजला. तेराशेहून अधिक एकर जमीन लागणार म्हणताच ग्रामस्थ विरोधात उभे राहिले. रोजगाराचे आश्वासन त्यांनी ऐकले नव्हते असे नाही. जमीन गेल्यावर आपण मालकाचे पहारेकरी होऊ, हा हिशेब त्यांना कळत होता.

त्याच कोकण किनाऱ्यावर, उत्तरेस मंडणगड तालुक्यातील वेळास येथे निराळा व्यवहार चालतो. ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी कुंपणात जपून पिले समुद्रात सोडली जातात. पाहुणे गावकऱ्यांच्याच घरी उतरतात, जेवतात. पैसा त्या घरात राहतो. पिले कोणत्या सकाळी वाळूतून वर येतील याची हमी मात्र कोणी देत नाही, आणि काही पाहुणे समुद्र तेवढा पाहून परततात.