भांडार खुले, वाट अनोळखी

२५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 'एक राष्ट्र, एक वर्गणी' ही योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक आणि सुमारे १३,००० संशोधनपर नियतकालिके! हेतू स्तुत्य आहे, हे मान्य करण्यास आम्हांस संकोच वाटत नाही. परंतु वारंगा फाट्यावर उभे राहून या भांडाराकडे पाहिले म्हणजे निराळाच प्रश्न उभा राहतो. बारावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या मुलाने त्यातून हवा तो लेख शोधावा कसा, विश्वसनीय कोणता व भाकड कोणता हे ताडावे कसे, हे त्याला कोणी शिकविले आहे काय?

आणि हे दारिद्र्य संशोधनापुरतेच नाही. जुलै २०२४ मध्ये राज्य शासनाने ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क संपूर्ण माफ केले. अट एवढीच की, प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून व्हावा. व्यवस्थापन कोट्यातून घेतला की सवलत बुडाली. शहरातील मुलीला हे शिकवणीच्या वर्गात, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून कळते. फाट्यावरच्या मुलीचा अर्ज मात्र दुकानात बसलेला तिसराच कोणी भरतो, आणि त्याच्या एका चुकीपायी बापाला सावकाराची पायरी चढावी लागते. ज्ञात नसलेला हक्क हा हक्क कसला?

मराठवाड्याने विद्येसाठी थोडी वाट पाहिलेली नाही. १९१८ चे उस्मानिया विद्यापीठ निघाले ते उर्दू माध्यमाचे, तेही हैदराबादेस. १९५० मध्ये डॉ. आंबेडकरांनी तेव्हाच्या औरंगाबादेस महाविद्यालय काढले; १९५८ मध्ये तेथे विद्यापीठ झाले, १९९४ मध्ये नांदेडासही. मैलांचे अंतर असे तुटत आले. आता उरले आहे ते निराळे अंतर, आणि ते इमारती बांधून तुटणारे नव्हे.

यासाठी ग्रंथपाल हवा. केवळ पुस्तकांची नोंद ठेवणारा नव्हे, शिकविणारा. रिक्त जागांवर काटकसर करून कोट्यवधींची वर्गणी भरणे हा आमच्या मते उफराटा हिशेब होय. मराठी विश्वकोशाचे २० खंड आज विनामूल्य उपलब्ध आहेत; शोधण्याचा, पडताळण्याचा पहिला धडा तेथूनच, मराठीतूनच देता येईल. नांदेडच्या विद्यापीठाने येत्या जूनपासून प्रथम वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्यास हा विषय सक्तीचा करावा, व शासनाने त्याआधी ग्रंथपालांच्या रिकाम्या जागा भराव्यात.